पाठीवरचा डबा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग'. "तू कॉम्प्युटरवाली, 2002 पासून त्याच धंद्यात आहेस, बोल वीस मिनिटं," असं सांगितलं. मी हो म्हटलं खरं, पण दोन दिवसांनी कळवलं की उद्याच्या जगाबद्दल मला फारशी खात्री नाही. माझ्या कुत्र्याबद्दल मात्र मी खात्रीने बोलू शकते. फोनवर जरा शांतता पसरली. मग उत्तर आलं, "बरं, पण मग वीस मिनिटांच्या वर एक मिनिट नाही."

तर, गुंड्या.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या सोसायटीच्या शेजारी एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथल्या वॉचमनने पिल्लू असल्यापासून एका खांबाला बांधून वाढवलेला हा गावठी कुत्रा. काम संपलं, वॉचमन गावी गेला, कुत्रा मागे राहिला. माझ्या लेकीने त्याला घरी आणला तेव्हा तो आठेक महिन्यांचा असेल. रंग शेंगदाण्याच्या टरफलासारखा, एक कान उभा, एक पडका. घरात आला आणि पायपुसण्यावर अंगाची गुंडाळी करून बसला, म्हणून नाव पडलं गुंड्या. पुढे लोकांना वाटायचं की हा मोठा गुंड असणार. प्रत्यक्षात कुत्रासुद्धा आपल्या गल्लीत वाघ असतो ही म्हण त्याने पार खोटी पाडली. आमचा गुंड्या आपल्या गल्लीत शेळी होता.

माणसांशी त्याचं बरं जमलं. आठ दिवसांत तो सासूबाईंच्या खुर्चीखाली झोपायला लागला. भीती होती ती दुसऱ्या कुत्र्यांची. दुरून एखादा कुत्रा दिसला की शेपूट पायात, पोट जमिनीला, आणि पट्टा ओढत घराकडे पळ. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनी कारण समजावलं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. त्या दिवसांत जे जे सुखाने पाहिलं, हुंगलं, ते त्याच्या लेखी 'आपलं' होतं. जे पाहिलंच नाही ते पुढे परकं वाटतं. गुंड्याचे ते दिवस खांबाला बांधलेले गेले. बाकीची कुत्री त्याला माहीत होती ती फक्त रात्रीच्या भुंकण्यातून.

पण डॉक्टरांकडे मी नंतर गेले. आधी मी माझी अक्कल चालवली.

घरात आणि सोसायटीत सगळ्यांचं एकमत होतं. सासूबाई म्हणाल्या, "एकदा चार कुत्र्यांत सोड, आपोआप धीट होईल. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का?" मलाही ते पटलं. जवळच्या एका मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी कुत्रेवाले जमतात आणि कुत्री मोकळी सोडतात. मी गुंड्याला अक्षरशः उचलून तिथे नेलं आणि खाली ठेवलं. दोन लॅब्राडोर धावत आले. बिचारे खेळायलाच आले होते, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांचे मालकही हसून म्हणाले, "काही करत नाहीत हो, फ्रेंडली आहेत." गुंड्या पळाला नाही. तो दगडासारखा उभा राहिला. मी म्हटलं, वा, जमलं की! मग माझं लक्ष गेलं. त्याच्या पायाखालची माती ओली झाली होती आणि तो थरथरत होता.

त्यानंतर अकरा दिवस तो जिना उतरला नाही. मी त्याला गच्चीवर न्यायची, तिथेच तो सगळं उरकायचा. माझ्या हातात पट्टा दिसला की तो पलंगाखाली जायचा. अकराव्या दिवशी रात्री मी पलंगाशेजारी फरशीवर आडवी पडून त्याच्याशी बोलत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. ती वळवलेली मान मला कुठेतरी ओळखीची वाटली. मग आठवलं. अशी मान मी वळवली होती, सहावीत असताना, याच शाळेत.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, काहींना नसेल. मला मात्र आठवतं. वक्तृत्व स्पर्धा होती. मी वर्गात हुशार पण तोंडातून शब्द न काढणारी. एका सरांना मनापासून वाटलं की या पोरीची भीती मोडली पाहिजे. त्यांनी माझं नाव परस्पर दिलं आणि माझी पाळी आल्यावर पाठीवर हात ठेवून मला स्टेजवर ढकललं. मी उभी राहिले. दगडासारखी. खाली मुलं हसायला लागली, सर खालून "बोल, बोल" म्हणत होते. मी मान भिंतीकडे वळवली आणि किती वेळ तशी उभी होते ते मला माहीत नाही. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात हजेरीला "हजर" सुद्धा नीट म्हटलं नाही.

सरांबद्दल माझ्या मनात आज राग नाही. कारण त्या रात्री फरशीवर पडल्या पडल्या मला कळलं की मीही नेमकं तेच केलं होतं. तितक्याच प्रेमाने.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी त्याचे कान, दात, सांधे तपासले, कारण दुखणारं जनावर जास्त भितं. दुखणं काही नव्हतं. लसी पूर्ण झाल्या आहेत ना, हे विचारलं. दुसऱ्या कुत्र्यांच्या जवळ जायचं तर रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी हव्यातच. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "दुसरा कुत्रा किती लांब असला की हा तुमच्या हातून खातो?" मला सांगता येईना. ते म्हणाले, "ते आधी शोधा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे."

मी इंजिनियर. मोजायचं म्हटलं की मला हुरूप येतो. संध्याकाळी खिशात उकडलेल्या चिकनचे बोराएवढे तुकडे घेऊन आम्ही सोसायटीमागच्या रुंद रस्त्यावर गेलो. लांबवर एक कुत्रा दिसला. पन्नास पावलांवर गुंड्याने पाहिलं आणि घास घेतला. चाळीस पावलांवर पाहिलं, थांबला, पण घास घेतला. तीसवर मी त्याच्या नाकाशी चिकन धरलं तर त्याने तोंड फिरवलं. चिकनला तोंड फिरवणारा कुत्रा! म्हणजे हद्द सापडली. चाळीस पावलं.

त्या दिवसापासून मी लॅपटॉपवर तक्ता ठेवला. तारीख, वेळ, समोरचा कुत्रा कोण, किती पावलांवर, घास घेतला की नाही. ऑफिसात आम्ही एखादा बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तोच नियम. अंतर कमी करायचं तर कुत्रा तोच, रस्ता तोच. कुत्रा नवा असेल तर अंतर पुन्हा वाढवायचं.

पद्धत ऐकायला सोपी आहे, पण तिच्यातला क्रम महत्त्वाचा. आधी कुत्रा दिसायला हवा, मग चिकन. कुत्रा दिसेनासा झाला की चिकन बंद. मी सुरुवातीला उलटं करायची. समोरून कुत्रा येताना मला दिसला की घाईने गुंड्याला चिकन द्यायची. चार दिवसांत त्याच्या ध्यानात आलं की बाई चिकन काढतात म्हणजे संकट येतंय. तो चिकनलाच घाबरायला लागला. क्रम सुधारला तेव्हा हळूहळू उलटं झालं. लांबवर कुत्रा दिसला की गुंड्या मान वळवून माझ्याकडे बघायचा, 'दिसला बरं का, काढ आता' अशा चेहऱ्याने.

दुसरी गोष्ट शिकावी लागली ती त्याची भाषा. भुंकणं, गुरगुरणं आपल्याला कळतं, पण कुत्रा त्याच्या कितीतरी आधी बोललेला असतो. झोप नसताना जांभई देतो. खायला काही नसताना ओठ चाटतो. तोंड बाजूला करतो, डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं. एकदम जमीन हुंगायला लागतो, जसं आपण नको असलेला माणूस दिसला की मोबाइल काढून बघतो. हे सगळं म्हणजे 'मला जरा लांब ने' असं सांगणं. ते ऐकलं नाही तर मग गुरगुरणं, आणि तेही ऐकलं नाही तर चावणं. म्हणून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागवू नये. तो बिचारा सूचना देतोय. सूचना बंद केली तर भीती जात नाही, फक्त इशारा न देता चावणारा कुत्रा तयार होतो.

या पद्धतीचं मूळ शोधताना मला एक जुनी हकीकत सापडली. ती कुत्र्याची नाही, एका मुलाची आहे. 1924 मध्ये अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती लिहून ठेवली. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. उंदीर, फरचा कोट, कापूस यांनाही घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला आवडीचा खाऊ देऊन खुर्चीवर बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या लांब ठेवला. मग तो थोडा थोडा जवळ. सशाला न घाबरणारी मुलंही त्याच्यासोबत खेळायला असायची. शेवटी पीटर एका हाताने सशाला कुरवाळायला लागला आणि ससा त्याची बोटं कुरतडायचा तेही चालवून घ्यायला लागला. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचताना मला हसू आलं. त्यांचा खाऊ आणि ससा, माझं चिकन आणि चाळीस पावलं. थेंबे थेंबे तळे साचे, एवढंच ते शास्त्र.

चाळीसाची पंधरा पावलं व्हायला चार महिने लागले. आता खरी ओळख करून द्यायची वेळ आली. त्यासाठी आम्ही कुत्रा निवडला नाही, कुत्री निवडली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांची राणी. वय नऊ वर्षं, अंगाने जाड, स्वभावाने शांत, जगाविषयी फारसं कुतूहल न उरलेली. भित्र्या कुत्र्याला पहिली ओळख अशाच कुणाशी करून द्यावी. धसमुसळं पिल्लू कितीही प्रेमळ असलं तरी नको.

काका आणि मी समोरासमोर आलोच नाही. समोरासमोर चालत येणं, डोळ्यांत डोळे घालणं ही आपल्याकडे ओळख असेल, कुत्र्यांमध्ये ते आव्हान असतं. ते रस्त्याच्या त्या कडेने, आम्ही या कडेने, एकाच दिशेला चालायचो. रोज वीस मिनिटं. मधे अख्खा रस्ता. दोन आठवड्यांनी अर्धा रस्ता. कधी राणी पुढे आणि आम्ही मागे, म्हणजे ती जिथे जिथे थांबली ती जागा गुंड्याला निवांत हुंगायला मिळायची. तो तिचं जणू वर्तमानपत्र वाचायचा. माझ्या हातातला पट्टा झोळीसारखा सैल हवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपण घाबरून पट्टा आवळला की तो ताण थेट त्याच्या मानेत पोचतो आणि त्याला वाटतं, हिला पण भीती वाटतेय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

मग एक दिवस आम्ही त्यांना हुंगू दिलं. अर्धगोल वळसा घेऊन, बाजूने. मनात एक, दोन, तीन मोजले आणि आनंदाने हाक मारून त्याला परत बोलावलं. चिकन. तीन आकडे एवढ्यासाठी की भेट बिघडायच्या आत संपली पाहिजे. पुन्हा जावंसं वाटलं तर तो जाईल. तो गेला. दुसऱ्यांदा त्याने राणीच्या शेपटीखाली मन लावून नाक घातलं. काका म्हणाले, "झाली ओळख. आता चहाला या."

सगळं असं सरळ चढत गेलं असतं तर मी तुम्हाला सांगायला आले नसते. भाऊबीजेच्या दिवशी, आधीच चार दिवस फटाक्यांनी हैराण झालेला गुंड्या आणि मी लिफ्टसमोर उभे होतो. दार उघडलं आणि आतून कुणाकडे पाहुणा आलेला एक दांडगा कुत्रा सरळ त्याच्या अंगावर झेपावला. चावला नाही, पण गुंड्या किंचाळला. तक्त्यात त्या संध्याकाळी मी लिहिलं, पन्नास पावलं, घास घेतला नाही. म्हणजे सुरुवात केली होती त्याच्याही मागे. त्या रात्री मी रडले. इतक्या महिन्यांचं काम एका मिनिटात गेलं म्हणून.

तेव्हा पीटर पुन्हा आठवला. त्या मुलाचंही असंच झालं होतं. चांगली प्रगती होत असताना त्याला ताप येऊन इस्पितळात राहावं लागलं, आणि तिथून बाहेर पडताना एक मोठा कुत्रा त्याच्यावर झेपावला. भीती परत आली. जोन्सबाईंनी काय केलं? ससा पुन्हा लांब ठेवला आणि खाऊपासून सुरुवात केली. मीही तेच केलं. आणि मला एक गोष्ट दिसली. पहिल्यांदा जिथे महिने लागले होते तिथे या वेळी पाच आठवडे लागले. म्हणजे शिकलेलं गेलं नव्हतं. ते भीतीच्या खाली दबलं होतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं विचाराल तर त्यांच्याशी मैत्री करून द्यायचा मी हट्ट धरला नाही. गल्ली त्यांची आहे. कोणता कोपरा कुणाचा, कुणाला किती वाजता खाणं मिळतं हे मी पाहून ठेवलं आणि आमच्या वेळा बदलल्या. दुपारी ती झोपलेली असताना आम्ही जातो, समोरून टोळी आली तर रस्ता ओलांडतो. त्यात कमीपणा काही नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी सोसायटीच्या मागच्या अंगणात राणी उन्हात पडली होती. पट्टा लांब होता. गुंड्या तिच्यापासून चार पावलांवर थांबला आणि त्याने पुढचे दोन्ही पाय जमिनीवर पसरले, छाती खाली टेकवली, मागचा भाग वर, शेपूट हलतेय. कुत्र्यांच्या भाषेत याचा अर्थ, 'खेळतेस का?' त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. खांबाला बांधलेल्या दिवसांतही ते त्याच्या अंगात कुठेतरी होतंच. राणीने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. खेळली नाही. पण माझी लेक आणि मी श्वास धरून उभ्या होतो.

आज गुंड्याचे तीन मित्र आहेत, तीनच. बाकीच्या कुत्र्यांच्या शेजारून तो दहा पावलांवरून शांतपणे जातो. मैदानावरच्या रविवारच्या गर्दीत तो कधीच जाणार नाही, आणि मी नेणार नाही. भित्र्याला गर्दीतला राजा करायचं नव्हतंच. त्याला त्याच्या रस्त्याने सुखाने चालता यावं, एवढंच हवं होतं.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण मी खूप दिवस डोक्यात घोळवली. आपल्यातले निम्मे जण विहिरीत पोहायला शिकले. आठवा, कसे शिकलो? पाठीला रिकामा डबा बांधून. काका किंवा मामा पायरीवर बसलेले. आधी पायरीला धरून पाय मारायचे, मग पायरी सोडायची, आणि कुणीतरी म्हणायचं तेव्हा डबा सुटायचा. म्हण सांगताना आपण पाणी लक्षात ठेवतो आणि डबा विसरतो. मी ऑफिसातही विसरत होते. मीटिंगमध्ये गप्प बसणाऱ्या एका नव्या मुलीला मी सगळ्यांसमोर "बोल ना, घाबरतेस काय?" असं वर्षभर म्हणत राहिले. माझ्या मते मी तिला उत्तेजन देत होते. ती नोकरी सोडून गेली. गुंड्या तिच्या आधी आमच्याकडे आला असता तर बरं झालं असतं. आता माझ्या टीममध्ये नवीन कुणी आलं की मी आधी त्याची चाळीस पावलं शोधते.

माझा डबाही कुणीतरी बांधला होता. सहावीतल्या त्या प्रकारानंतर आपल्या मराठीच्या बाई त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी मला वह्या उचलायला मदतीला बोलावलं. मग ग्रंथालयात, दोघीच असताना, "एवढं एक पान वाचून दाखव, माझा चष्मा राहिलाय," म्हणाल्या. काही महिन्यांनी तिथे आणखी दोन मुली असायच्या. आठवीत त्यांनी मला प्रार्थनेनंतर सुविचार वाचायला दिला, तोही कार्यालयातल्या माइकवरून, जिथून मला मैदानावरची मुलं दिसत नव्हती. दहावीत मी निरोप समारंभात बोलले. तेव्हा मला वाटलं होतं की मी मोठी झाले म्हणून बोलले.

बाई तब्येतीमुळे आज येऊ शकल्या नाहीत. काल मी त्यांच्या घरी गेले आणि हे भाषण आधी त्यांना एकटीला वाचून दाखवलं. जुनी सवय. चष्म्याची गोष्ट आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला यातलं काही आठवत नाही गं. तू चिंचा खिशात भरून वर्गात यायचीस ते आठवतंय." 

जाता जाता एक विनंती. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही जण एकदाही बोललेले नाहीत. काही जण आज आलेले नाहीत. काही आलेत ते मागे दाराजवळ बसलेत, मला इथून दिसतायत. जेवताना त्यांना हाताला धरून मधे ओढू नका. शेजारी जाऊन बसा, त्याच दिशेला तोंड करून. जिलेबी पुढे सरकवा. बोलतील.

सगळं ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या, "चांगलं आहे. पण शेवट लांबलाय." म्हणून इथेच थांबते.